सगळ्यांनी सांभाळून घेतलं : चार क्रेडिटचं एक प्रकरण

साताऱ्यातल्या एका छोट्या कला महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिसऱ्या सत्राची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि आमच्या एका विद्यार्थिनीच्या नावासमोर अर्थशास्त्र मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या, यादीत लाल खूण आली. ५६ तास झाले होते. त्यातल्या ७ तासांना ती हजर होती. साडेबारा टक्के. नियम ७५ टक्क्यांचा आहे.

इतिहास मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, त्या वर्गात १९ जण आहेत. शिकवणारे सगळे तिला नावानं ओळखतात. तिचे आईवडील कुठे असतात, घरी म्हशी किती, हे स्टाफरूममध्ये ठाऊक होतं. मी तर तिची मेंटॉर. महिन्यातून एकदा तिच्याशी बोलायचं आणि वहीत नोंद करायची, हे माझं ठरलेलं काम. यादी हातात आल्यावर मी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या नोंदी काढून पाहिल्या. तिन्हींत माझ्याच अक्षरात एकच वाक्य होतं: 'अडचण नाही, अभ्यास चांगला.'

हे सगळं मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि गाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. वेळा आणि आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

आधी वेळापत्रक

नव्या शैक्षणिक धोरणानं कला शाखेच्या मुलांना जे दिलं ते मला मनापासून मोलाचं वाटतं. इतिहास घेतलेल्या मुलीला अर्थशास्त्र शिकता येतं, भूगोलाच्या मुलाला मराठी घेता येतं. शिवाय कौशल्याचा एक विषय, भाषा, दुसऱ्या शाखेतला एक विषय, गावात जाऊन करायचा क्षेत्र प्रकल्प. दर सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चौथं वर्ष केलं तर १७६. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. मिळवलेलं क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतं, ते सात वर्षांपर्यंत धरलं जातं.

पण ही निवड छोट्या कॉलेजात वेळापत्रकावर कशी येऊन बसते, ते वेळापत्रक करायला बसल्यावरच कळतं. आमच्याकडे मेजरचे पाच विषय आहेत: मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र. मायनर उरलेल्या चारांतून घ्यायचा. म्हणजे वीस जोड्या झाल्या. वीसच्या वीस जोड्या मोकळ्या ठेवायच्या तर एका वर्षाच्या पाचही मायनरचे तास एकाच वेळेला लावावे लागतात. नाहीतर कुणाचा तरी मेजर आणि मायनर एकमेकांवर येतो आणि ती जोडी बंद पडते. मोठ्या विद्यापीठात एकेका विषयाच्या तीन-तीन तुकड्या असतात, तिथं एकीत नाही जमलं तर दुसरीत बसता येतं. आमच्याकडे प्रत्येक विषयाची तुकडी एकच.

वर्गखोल्या सात. दुपारी बाराला त्याच खोल्यांत ज्युनियर कॉलेज भरतं. म्हणून आमचं कॉलेज ७:२० ते ११:५०. पन्नास मिनिटांचे पाच तास आणि मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. मेजरचे तास सलग राहावेत म्हणून सोमवार ते गुरुवार पहिला तास मायनरला दिला. वेळापत्रक समितीत मी होते. कागदावर ते फार सुटसुटीत दिसत होतं आणि मीच सगळ्यांच्या आधी त्यावर सही केली होती.

तिची सकाळ

मुलगी खटाव तालुक्यातली, पुसेगावच्या बाजूची. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, आईही तिकडेच. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा आहे, कर्ती माणसं मुंबईला आणि गावाला म्हातारं माणूस, थोडी जमीन, एखाददुसरं जनावर. ही आजीजवळ राहते. दोन म्हशी आहेत. आजीचे गुडघे गेल्यापासून धार हीच काढते. डेअरीत दूध सकाळी सहा ते साडेसहा घेतात. फाट्यावरून साताऱ्याची पहिली एसटी पावणेसहाची, दुसरी ६:५५ची. पहिली धरली तर दूध राहतं. दुसरी धरली तर ती ८:०५ला स्टँडवर उतरते आणि चालत कॉलेजात पोहोचते तेव्हा सव्वाआठ-आठ वीस झालेले असतात.

म्हणजे अर्थशास्त्राच्या एकाही तासाला ती पोहोचणं शक्य नव्हतं. जे सात तास भरले ते गणपतीत मामीकडे साताऱ्यात राहिली तेव्हाचे, आणि शेजारच्या मुलाच्या मोटरसायकलवर आली त्या दोन दिवसांचे. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना मोठी सवलत असते, भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. वडापला, म्हणजे खासगी जीपला, असा पास नसतो. रोज वडापनं यायचं तर महिन्याचा हिशेब बसत नव्हता. आणि वडाप तरी भरल्याशिवाय कुठे हलतं?

पहिल्या वर्षी हा प्रश्न आला नव्हता, कारण तेव्हा त्यांचे तास नऊला सुरू व्हायचे.

हे सगळं आज एका परिच्छेदात मावतं. तेव्हा मात्र ते पाच माणसांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं होतं आणि प्रत्येकाला आपल्याकडचा तुकडा म्हणजेच सगळी गोष्ट वाटत होती.

काय काय होत गेलं

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती अर्थशास्त्राच्या सरांना भेटली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती गप्प बसलेली नव्हती. 'सर, पहिल्या तासाला गाडी मिळत नाही,' एवढं तिनं सांगितलं. सर स्वभावानं मऊ. ते म्हणाले, 'काळजी करू नको, नोट्स मी व्हॉट्सॲपवर टाकत जाईन.' त्यांनी शब्द पाळला, दर आठवड्याला फोटो काढून नोट्स पाठवल्या. ऑगस्टमधली वीस मार्कांची चाचणी पहिल्याच तासाला होती, ती बुडाली. त्याबदली सरांनी घरी करायचे दोन निबंध दिले.

ते निबंध ती रात्री लिहायची. पण रात्रीची वेळ आधीच क्षेत्र प्रकल्पाला लागलेली होती. प्रकल्पाला दोन क्रेडिट म्हणजे साठ तासांचं काम, आणि त्याची मार्गदर्शक मी. विषय तिनं स्वतः निवडला होता: १९७२च्या दुष्काळात आपल्या गावच्या बायकांनी केलेलं काम. ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्या बायका आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढच्या, तरी दिवसा रानातच असतात. भेटणार त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर. निबंधांमुळे मुलाखती मागे पडल्या. तिनं मुदत मागितली, मी दिली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. प्रकल्प सप्टेंबरच्या शेवटावर गेला आणि त्यानं इंग्रजीचं तोंडी सादरीकरण ढकललं. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, 'पुढच्या आठवड्यात कर.' असं दोनदा झालं. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) दोन रविवार चुकले, तिथल्या सरांनी घरची परिस्थिती जाणून सोडून दिलं. ग्रंथपालांनी पुस्तकं महिनाभर जादा ठेवू दिली, दंड लावला नाही.

आणि माझं. दुसरा तास ८:१०ला माझा. ती धापा टाकत दहा-बारा मिनिटं उशिरा यायची. पोरीची हजेरी बुडू नये म्हणून मी कॅटलॉग तासाच्या शेवटी घ्यायला लागले. मला ते चांगलं काम वाटत होतं. पण तिच्या उशिराची जी एकच खूण रोज कागदावर उमटली असती ती मी माझ्या हातानं पुसत होते. रोज आठ वीसला येणारी मुलगी ७:२०च्या तासाचं काय करत असेल, हा प्रश्न मला तीन महिने पडला नाही. कारण उशीर मी क्षमा करून टाकला होता, आणि क्षमा केलेल्या गोष्टीचा आपण पुढे विचार करत नाही.

एकूण हजेरीच्या आकड्यानंही आम्हाला फसवलं. आठवड्याला सगळे मिळून १८ तास, चौदा आठवड्यांचे २५२. मायनर सोडून उरलेल्या १९६ तासांपैकी ती १६४ तासांना होती, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. मायनरचे ७ धरून एकूण १७१. म्हणजे ६८ टक्के. सत्राच्या मध्यावर ऑफिस पालकांना पत्रं पाठवतं ती एकूण हजेरी पन्नासच्या खाली गेली तर. ६८ टक्क्यांची मुलगी त्या यादीत येणार कशी? विषयवार आकडे ऑफिसात होते. ते फक्त परीक्षेचे फॉर्म भरताना बाहेर येतात.

डायरी

मला कळलं ते तिच्या प्रकल्पावरून. लाल खुणेची यादी आली त्याच आठवड्यात तिनं प्रकल्प आणून दिला. हातानं लिहिलेली सत्तर पानं, अकरा बायकांच्या मुलाखती. इतकी वर्षं मी प्रकल्प तपासते आहे, पण ही सत्तर पानं वाचताना मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या, पोटुशी असताना पाट्या वाहणाऱ्या, कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून नेणाऱ्या बायका. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची, त्यात काय मिसळलं की जरा धरायची, याचं प्रत्येकीचं वेगळं शास्त्र. एकीनं सांगितलं होतं की मुकादम खडीच्या ढिगाची उंची काठीनं मोजायचा आणि ढीग आतून पोकळ रचायची युक्ती बायका एकमेकींना शिकवायच्या. पोरीनं हे नुसतं उतरवून घेतलं नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, त्यांची रोजगार हमीची कल्पना, १९७७चा महाराष्ट्राचा कायदा आणि पुढे २००५चा केंद्राचा कायदा, इथपर्यंत तिनं धागा आणला होता. आजीच्या ओट्यावरून निघून विधिमंडळापर्यंत. आणि त्यातलं मजुरीचं प्रकरण वाचताना माझ्या लक्षात आलं, ही मुलगी अर्थशास्त्र शिकत होती. वर्गात नसेल, पण शिकत होती.

प्रकल्पासोबत क्षेत्र-डायरी जोडावी लागते. तारीख, वेळ, ठिकाण, काय केलं असे चार रकाने. बहुतेक मुलं शेवटच्या रात्री बसून ती भरतात, वेळा सगळ्या गोल असतात, दहा ते बारा, चार ते सहा. हिच्या डायरीत लिहिलं होतं: 'रात्री ८:१० ते ९:३५, ओट्यावर, मुलाखत.' 'पहाटे ५:१५ ते ५:४०, घरी, मुलाखत उतरवली.' 'सकाळी ६:१०, डेअरीत रांगेत, चार ओळी.' आणि पानोपानी, जवळजवळ रोज: '६:५५ ते ८:०५, गाडीत, वाचन.'

८:०५ या आकड्यावर मी थांबले. मग कपाटातून वेळापत्रक काढलं.

शनिवारची बैठक

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. मी जरा रागातच विचारलं, 'अगं, मला का नाही सांगितलंस? मी मेंटॉर ना तुझी?'

ती म्हणाली, 'मॅडम, सगळ्यांनी चांगलंच केलं माझं. मग मी कुणाबद्दल काय सांगणार?'

या वाक्यानं मला हे प्रकरण लिहायला लावलं. कुणी वाईट वागलं असतं तर तिला तक्रार करता आली असती. वर्गाबाहेर उभं केलं असतं, चिठ्ठी मागितली असती, पालकांना फोन केला असता, तर जुलैतच घोळ उघडा पडला असता. पण प्रत्येकानं तिला थोडं थोडं सांभाळून घेतलं. उपकार झालेल्या माणसाला त्याच दारात पुन्हा जाऊन 'हे पुरत नाही' असं म्हणता येत नाही. आमच्याकडच्या पोरांना तर मुळीच नाही.

शनिवारी तास संपल्यावर आम्ही पाच जण बसलो: अर्थशास्त्राचे सर, इंग्रजीच्या मॅडम, एनएसएसचे सर, ग्रंथपाल आणि मी. जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी प्रत्येकाला विचारून लिहीत गेले, कोणी काय सवलत दिली, कोणत्या तारखेला. सात सवलती निघाल्या. एकेक सुटी पाहिली तर कुणीही माणुसकीचा माणूस दिली असती अशी. तारखांच्या क्रमानं लावल्या तेव्हा दिसलं की प्रत्येक सवलतीनं आजचं ओझं पुढे नेऊन ठेवलं होतं आणि सगळी ओझी ऑक्टोबरच्या त्याच दोन आठवड्यांत येऊन पडली होती. आणि सातांपैकी एकही सवलत एसटीच्या वेळेला किंवा पहिल्या तासाला हात लावत नव्हती.

अर्थशास्त्राच्या सरांना फार लागलं. ते म्हणाले, 'म्हणजे मी नोट्स दिल्या नसत्या तर बरं झालं असतं?' खोलीत कुणी बोललं नाही. माझ्या मनातलं उत्तर 'होय' होतं आणि तेच उत्तर मला माझ्या कॅटलॉगलाही लागू होतं. नोट्स देताना सरांनी 'ही मुलगी पहिल्या तासाला येऊच शकत नाही' एवढी एक ओळ मला सांगितली असती, तर नोट्स देणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. सवलत चुकीची नव्हती, ती नोंदवली गेली नाही ही चूक होती. छोट्या कॉलेजात आपण नोंदी करत नाही, कारण आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीतच आहे.

मार्ग कोणते होते

पहिला मार्ग एका सहकाऱ्यानं सुचवला, अगदी कळवळ्यानं: हजेरी भरून टाकू. पोरगी हुशार आहे, पेपर लिहील, पास होईल, कुणाचं काय जातं? मी याला विरोध केला. खोटेपणाचा मुद्दा तर होताच. पण मला त्याहून मोठी भीती वेगळी होती. ती साडेबारा टक्के हा आमच्या वेळापत्रकाविरुद्धचा एकमेव लेखी पुरावा होता. तो भरून टाकला असता तर पुढच्या जुलैत तोच पहिला तास आणि तीच ६:५५ची गाडी. आणि पुरावा कोणाकोणाचा होता तेही मग बाहेर आलं: अर्थशास्त्र मायनरच्या ३१ मुलांत सहा जणांची गाडी ७:२०नंतर स्टँडवर पोहोचते. रहिमतपूरकडचे, कोरेगावकडचे, मेढ्याकडचे. दोघं खोली करून साताऱ्यात राहिले होते, तिघं भावाच्या नाहीतर चुलत्याच्या मोटरसायकलवर अवलंबून होते. उरलेली ही.

दुसरा, मायनर बदलणं. पण सगळे मायनर एकाच तासाला, मग बदलून काय साधणार? उलट आधीच्या सत्रातले मायनरचे क्रेडिट लटकले असते.

तिसरा, 'स्वयम' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचा ऑनलाइन कोर्स. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, तेव्हा कागदावर हा मार्ग स्वच्छ होता. तिला विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, ते व्हिडिओ मी रात्री दहानंतरच बघणार. म्हणजे झोपणारच.' पाचला उठणाऱ्या मुलीला यावर काय सांगायचं?

चौथा, वसतिगृह. जागा होती. त्यासाठी मी एका रविवारी तिच्या घरी गेले.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. चहा आला, घट्ट म्हशीच्या दुधाचा. मी विषय काढला. आजी म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या की हाष्टेलात, माझं काय न्हाई. पर म्हशी इकाव्या लागत्याल. दुधाच्या पैशावर तिचा पास हाय, माझी गोळी हाय.' थोड्या वेळानं म्हणाल्या, 'शिकवा बाई तिला. म्हशीला सुट्टी नस्ती, येवढं तेवढं ध्यानात धरा.' त्या स्वतः प्रकल्पातल्या अकरा जणींपैकी एक. निघताना काठी टेकत मला पाझर तलावाच्या बांधापर्यंत घेऊन गेल्या आणि कोणत्या अंगाला त्यांची टोळी होती ते दाखवलं. वसतिगृहाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मग राहिलं वेळापत्रक. ते बदलायचं तर प्राचार्यांपुढे आणि सगळ्या विभागांपुढे मांडणं आलं. तिथं मी जे बोलले ते मला आजही तितकंच पटतं. सातारा ही कर्मवीर भाऊराव पाटलांची कर्मभूमी आहे. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजी इथं येऊन गेले. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं ते 'कमवा आणि शिका' घेऊन. मुलं राबायची आणि शिकायची, आणि राबण्याची वेळ शिकण्याच्या वेळेत हिशेबात धरलेली असायची. ही विद्यार्थिनी नेमकं तेच करते आहे. फरक इतकाच की तिचं राबणं आमच्या आवाराबाहेर, गोठ्यात होतं, म्हणून आमच्या वेळापत्रकात त्याला रकाना नव्हता. दर २२ सप्टेंबरला, कर्मवीरांच्या जयंतीला, आपण ज्या विचाराला हार घालतो तो विचार ७:२० या आकड्यात दिसला पाहिजे, असं मी म्हणाले. बोलताना माझा आवाज चढला होता, ते मला मान्य आहे.

काय ठरलं

अर्थशास्त्राचा पेपर तिला देता आला नाही. हे मला लपवायचं नाही. चार क्रेडिटचा बॅकलॉग राहिला. त्या सत्रात २२ऐवजी १८ क्रेडिट जमा झाले, तीन सत्रांचे मिळून ६६ऐवजी ६२. इंग्रजीचं सादरीकरण झालं. एनएसएसचे राहिलेले तास तिनं पुढच्या रविवारी भरून काढले. प्रकल्प पूर्ण गुणांनी धरला, कारण मुदत मी दिलेली होती आणि माझ्या तोंडी शब्दाचा भुर्दंड तिच्यावर पडणं बरोबर नव्हतं.

वडिलांना फोन मी केला. ते मार्केटच्या गोंगाटातून एवढंच म्हणाले, 'मॅडम, नापास झाली का?' नापास नाही, पेपरलाच बसता आलं नाही, हा फरक त्यांना फोनवर समजावून सांगणं हे या सगळ्यातलं मला सगळ्यात जड गेलेलं काम.

चौथ्या सत्रासाठी वेळापत्रक बदललं. पहिल्या तासाला ज्यांचे दोन गट करता येतात असे विषय घेतले, भाषेचा आणि कौशल्याचा. साताऱ्यात राहणाऱ्यांचा गट ७:२०ला, एसटीनं येणाऱ्यांचा ११ वाजता. मायनर नऊच्या तासाला आलं. याची किंमत इंग्रजीच्या मॅडमनी मोजली, त्यांचे आठवड्याला दोन तास वाढले. कौशल्याच्या सरांचा एक वाढला. दोघांनीही कुरकुर केली नाही, पण हे दर वर्षी त्यांच्या चांगुलपणावर चालवता येणार नाही, याचा काहीतरी कायमचा बंदोबस्त व्हायला हवा.

मेंटॉरच्या वहीत दोन रकाने वाढवले. एक, घरून निघण्याची आणि स्टँडवर पोहोचण्याची वेळ. दुसरा, या महिन्यात कोणत्या शिक्षकानं कोणती सवलत दिली. दुसऱ्या रकान्याला सुरुवातीला दोघा-तिघांचा विरोध होता. मुलाला केलेली मदत लिहून ठेवायची म्हणजे तिचा गवगवा झाला, असं त्यांना वाटत होतं. हा आक्षेप मला उथळ वाटला नाही. म्हणून तो रकाना मेंटॉर आणि संबंधित शिक्षक यांच्यापुरताच ठेवला, ऑफिसात जात नाही. ऑफिसकडून मात्र विषयवार हजेरी आता दर महिन्याला येते.

बॅकलॉगसाठी अर्थशास्त्राच्या सरांनी जानेवारी ते मार्च, कॉलेज सुटल्यावर आठवड्याला दोन तास घेतले. तिच्याबरोबर अजून दोन मुलं बसायची. बारा वाजले की खोली ज्युनियर कॉलेजला द्यावी लागे, म्हणून हे तास ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर चालत. कॅटलॉग सर तासाच्या सुरुवातीलाच घेत. एप्रिलमध्ये तिनं पेपर दिला, शंभरपैकी ५७ मिळाले. प्रकल्पाची प्रत ग्रंथालयात आहे.

गुरुवारचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. भूगोल मायनर शिकवणारे आमचे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत. गुरुवारी साडेनऊला त्यांना दुसऱ्या कॉलेजात उभं राहावं लागतं. भूगोलाचा तास हलत नाही म्हणून पाचही मायनर त्या दिवशी पहिल्याच तासाला राहिले. तिनं सांगितलं, 'मॅडम, गुरुवारी मी पावणेसहाची गाडी धरते.' मी विचारलं, 'आणि दूध?' तर म्हणाली, धार ती पहाटे पाचला काढून ठेवते आणि गुरुवारी डेअरीत किटली घेऊन आजी जाते, काठी टेकत.